कासवाची पिल्लं खायला लागेपर्यंत : प्रकल्प नोंदी

२९ नोव्हेंबर

ताईकडून दोन पिल्लं संध्याकाळी माझ्याकडे आली. भाच्यानं दिवाळीत हट्ट करून घ्यायला लावलेली, त्यामुळे नावंही फराळाचीच आहेत : चकली आणि अनारसा. घरी आणल्यापासून दोघांनी धड काही खाल्लेलं नाही असं ताई सांगते. दुकानातून सोबत मिळालेला वाळवलेल्या कोळंबीचा डबा जवळजवळ भरलेलाच आहे.

जात रेड इअर्ड स्लायडर. डोळ्यामागचा लाल पट्टा आणि मानेवरच्या पिवळ्या रेघा बघितल्यावर शंकेला जागा नाही. मूळची अमेरिकेतली, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. हे आधी पक्कं करून घेतलं, कारण आपल्याकडची देशी कासवं वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ खाली येतात आणि ती घरात ठेवणं गुन्हा आहे. पिल्लू देशी निघालं असतं तर ही वही उघडलीच नसती, सरळ वनखात्याला फोन केला असता.

नर की मादी हे या वयात बघून कळत नाही. या जातीत ते अंड्याभोवतीच्या उष्णतेवर ठरतं, गार घरट्यात नर आणि गरम घरट्यात मादी. तोपर्यंत ‘ती चकली’ आणि ‘तो अनारसा’ चालू दे.

मोजमापं, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर :
चकली ८.४ ग्रॅम, पाठीची लांबी ३४ मिमी.
अनारसा ७.१ ग्रॅम, ३२ मिमी.

डोळे दोघांचे उघडे, सूज नाही. नाकाशी बुडबुडे नाहीत, तोंड उघडं टाकून श्वास घेत नाहीत. पाण्यात सोडल्यावर सरळ तरंगतात. पिल्लू एका बाजूला कलून तरंगत असेल तर फुप्फुसाचा संसर्ग असू शकतो आणि मग घरगुती उपाय करत बसायचं नसतं, डॉक्टर गाठायचा. पोटावर बलक आत ओढला गेल्याची खूण पूर्ण मिटलेली आहे. पाठ कडेला किंचित दबते, पण एवढ्या लहान पिल्लाची दबणारच.

मग थर्मामीटर टाकला. ज्या डब्यातून ती आली त्यात प्लॅस्टिकचं नारळाचं झाड आणि दोन बोटं पाणी. पाणी १९ अंश. नाशिकची थंडी, वरच्या मजल्यावरचं घर आणि खिडकीतला डबा. दुसरं काय होणार? दुकानात तर ताईला ‘हीटरबिटर काही लागत नाही’ असं ठामपणे सांगितलं होतं. असल्या सल्ल्याची किंमत आठ ग्रॅमचा जीव मोजतो, याचा मला खरोखर संताप येतो.

आज खायला काहीच दिलेलं नाही. उद्याही देणार नाही. आधी पाणी.


३० नोव्हेंबर

टाकी लावली. माशांची जुनी ६० × ३० सेंमीची काचेची टाकी रिकामी होती. पाणी १५ सेंमीपर्यंत, म्हणजे साधारण २७ लिटर. ‘पिल्लं बुडतील’ या भीतीनं लोक पाणी अगदी कमी ठेवतात. स्लायडरचं पिल्लू जन्मापासून पोहतं. पाणी फार उथळ असेल तर उलट उताणं पडलेल्या पिल्लाला सरळ व्हायला अडचण होते. हवं असतं ते चढून बसायला सोपं ठिकाण आणि मध्ये मध्ये टेकायला आधार.

बसायच्या जागेसाठी मंगलोरी कौलाचा तुकडा दोन दगडांवर तिरका टेकवला. खडबडीत असल्यामुळे नखं रुततात. कौलावर वरून साधा पिवळा बल्ब, खाली ३१ ते ३२ अंश येतील इतक्या उंचीवर. शेजारी यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी ट्यूब, कौलापासून साधारण २५ सेंमी. ही ट्यूब महाग पडते, पण तिच्याशिवाय अंगात ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ड३ नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम वाया जातं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी उपयोगाचं नाही, काच ते किरण अडवते.

५० वॅटचा हीटर आडवा, पूर्ण पाण्याखाली, प्लॅस्टिकच्या जाळीच्या आवरणात. आवरण सक्तीचं, कारण पिल्लं हीटर आणि काच यांच्या फटीत घुसून अडकतात. स्पंज फिल्टर, हवा मंद. नळाचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं, क्लोरीन उडालेलं.

वर तरंगायला अझोला आणि माझ्या दुसऱ्या टाकीतली थोडी पाणवनस्पती. ही सजावट नाही. निसर्गात या वयाच्या पिल्लावर बगळा, मोठा मासा, बेडूक सगळेच टपलेले असतात. डोक्यावर काही नसेल तर ते घाबरून राहतं, आणि घाबरलेलं पिल्लू खात नाही.

रात्री ९ वाजता पाणी २६ अंश.


१ डिसेंबर

सकाळी २७. थर्मोस्टॅट नीट काम करतो आहे. चकली दहाच्या सुमाराला कौलावर चढली, मागचे पाय लांब ताणून, बोटं फाकवून बसली. अंग तापवायला बसलेल्या कासवाची हीच बैठक. अनारसा दिवसभर दगडाच्या मागे.

खायला आजही नाही. ताईचा फोन : “अगं, उपाशी मरतील ना!” तिला सांगितलं ते इथेही लिहून ठेवते. कासवाचं अंग स्वतःची ऊब तयार करत नाही, भोवतालचं पाणी जेवढं तेवढंच अंग. पाणी वीस अंशांच्या खाली गेलं की पचनाचं काम फार मंदावतं आणि भूकही मरते. ते पिल्लू रुसलेलं नसतं की त्याला तो खाऊ आवडत नसतो असंही नाही. शरीरच म्हणत असतं, आता आत काही नको. अशा वेळी बळेबळे काही पोटात गेलं तर ते न पचता सडायची भीती. उलट उबेत आणलेलं पिल्लू दोन-चार दिवसांत आपणहून शोधायला लागतं.

शिवाय एवढ्या लहान पिल्लांना उपास नवा नाही. अंड्यातून बाहेर येताना पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ती बरेच दिवस काढतात. अमेरिकेच्या थंड भागात तर स्लायडरची कित्येक पिल्लं पहिला अख्खा हिवाळा घरट्यातच, मातीखाली, काहीही न खाता घालवतात आणि वसंतात वर येतात. फरक एवढाच की आपली पिल्लं किती दिवसांची आहेत, साठा किती उरला आहे, हे दुकानातून आलेल्या जिवाच्या बाबतीत कुणालाच सांगता येत नाही. म्हणून काटा रोज नाही तरी दर तीन-चार दिवसांनी.


३ डिसेंबर

पहिला खाऊ. गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे बारीक लाल अळ्या, माशांसाठी आणलेले, छोट्या वाटीत कोमट पाण्यात सोडवून. बोथट टोकाच्या लांब चिमट्यात तीन-चार धरून चकलीच्या तोंडापासून पाचेक सेंमीवर, अगदी हळू हलवले.

ती आधी मागे सरकली. मग थांबली. मान इतकी लांब केली की पिवळ्या रेघा ताणून बारीक झाल्या. डोकं तिरकं करून एका डोळ्यानं बघितलं, पुन्हा सरळ. नाक जवळजवळ टेकवलं. घसा दोनदा आत-बाहेर झाला, वास घेताना होतो तसा. आणि एकदम तोंड उघडून पाण्यासकट आत ओढलं. अर्धा ब्लडवर्म बाहेर राहिला तो पुढच्या पंजानं बाजूला ढकलून तोडला आणि दुसऱ्या घासात गेला. मी चिमटा हलवायचा विसरून नुसती बघत राहिले होते. एकूण सहा-सात खाल्ले असतील.

पाण्यातल्या कासवाला घास गिळायला पाणी लागतं, जीभ हलवून घास मागे ढकलता येत नाही. म्हणून कौलावर ठेवलेला खाऊ नुसता वाळत पडतो. खाणं पाण्यातच द्यायचं.

अनारसा : चिमटा दिसताच दगडाखाली.


५ डिसेंबर

चकली आता चिमटा दिसला की काचेशी येते. अनारसा नाही.

आज दोघांकडे तासभर लांबून बघितलं, खोलीतला दिवा बंद, फक्त टाकीतला चालू. अनारसा बाहेर येतो, पण चकली समोर आली की ती त्याच्या तोंडासमोर पुढचे पंजे उलटे करून थरथरवते आणि तो लगेच मागे फिरतो. मोठ्या नरांमध्ये हे मादीसमोर चालतं, पिल्लांमध्ये मात्र ती दादागिरी समजायची. चावाचावी नाही, जखम नाही, तरी लहानाला खाण्याच्या जागेपर्यंत येऊ न द्यायला एवढं पुरेसं आहे.

मध्ये प्लॅस्टिकची जाळी उभी केली. पाणी एकच, हीटर एकच, घरं दोन. अनारसाच्या बाजूला कौलाचा दुसरा तुकडा आणि जास्त अझोला.

खायला घालताना पिल्लं वेगळ्या भांड्यात काढायची का, हा प्रश्न नेहमीचा आहे. पाणी स्वच्छ राहतं म्हणून बरेचजण काढतात. मोठ्या, रुळलेल्या कासवाच्या बाबतीत मला हरकत वाटत नाही. न खाणाऱ्या पिल्लाला मात्र रोज हातात उचलणं म्हणजे त्याच्यासाठी रोज एकदा शिकारी पक्ष्यानं उचलणं. मी टाकीतच देते आणि वीस मिनिटांनी उरलेलं रबरी नळीनं ओढून काढते.


७ डिसेंबर

चकली ८.६. अनारसा ६.९.

आईचा फोन. तिनं भाताची शितं, पोळीचा चुरा, दुधातला पाव असं सगळं सुचवलं. प्रेमानं सुचवलं, म्हणून समजावूनही तितक्याच प्रेमानं सांगितलं की धान्य आणि दूध हे कासवाचं अन्नच नाही. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग चालेल का म्हणाली. विष नाही, पण पाणी तासाभरात खराब करतो. नुसत्या चिकनच्या तुकड्यावर वाढवलेली कासवं मी पाहिली आहेत : पाठ मऊ, कडा वर वळलेल्या. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, मग शरीर ते हाडांतून काढून घेतं. निसर्गातलं पिल्लू अख्खा किडा, अख्खी गोगलगाय खातं, कवचासकट.

कोळंबीच्या डब्याबद्दलही तेच. अधूनमधून चव म्हणून ठीक, रोजचं जेवण म्हणून अपुरी. अशा एकाच खाऊवर राहिलेल्या पिल्लांचे डोळे पुढे सुजून चिकटतात, अ जीवनसत्त्व कमी पडल्याची ती खूण. डोळे मिटले की खाणं दिसत नाही, दिसत नाही म्हणून खात नाही, आणि चक्र सुरू होतं.


८ डिसेंबर

अनारसासाठी गांडूळ. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. गांडूळखताच्या बेडमधली लाल, पट्टेदार गांडुळं दाबली की पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडतात. मासे आणि कासवं बऱ्याचदा ती तोंडात घेऊन थुंकतात. एकदा असा अनुभव आला की लाजरं पिल्लू गांडूळ या प्रकारालाच दूर ठेवतं. मी सोसायटीच्या बागेत पेरूच्या झाडाखालच्या ओल्या मातीतली आणली. त्या भागात कीटकनाशक मारत नाहीत, माळीबाबांना विचारून घेतलं.

तुकडा दिला. बघितलं, पाठ फिरवली.


९ डिसेंबर

हालचाल हवी आहे, असं मला दोन दिवस वाटत होतं. चिमट्यानं हलवलेलं आणि जिवंत हललेलं यात त्याला फरक कळतो. शिवाय चिमट्याच्या मागे माझा हात असतो, तो त्याला नको आहे.

माझ्याकडे माशांच्या पिल्लांसाठी डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले ठिपक्याएवढे जीव, वाढवलेला आहे. (डासांच्या अळ्या याहून चांगल्या, पण डेंग्यूच्या शहरात घरी साठलेलं पाणी ठेवणं मला मान्य नाही.) कपभर डॅफ्निया गाळून त्याच्या बाजूला सोडला आणि खोलीबाहेर गेले. दाराच्या फटीतून बघत होते. पाण्यात सगळीकडे ते झटके देत फिरणारे ठिपके. पाचेक मिनिटांनी अनारसा दगडाखालून बाहेर. एका ठिपक्यावर डोकं वळलं. दुसऱ्यावर. मग एक झडप! तोंड उघडून बंद. हाती काही लागलं की नाही सांगता येत नाही, पण हा त्याचा पहिला प्रयत्न.

डॅफ्नियानं पोट भरत नाही, त्यात बहुतेक पाणीच. पण शिकार करायची इच्छा जागी झाली, मला आज एवढंच हवं होतं.


११ डिसेंबर

अनारसा ६.८. घसरण मंदावली आहे, थांबलेली नाही. शहरात कासवं-पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं, चपलेच्या खोक्यात ओला टॉवेल, वर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून.

डॉक्टरांनी डोळे, तोंडाच्या आतला रंग, पाय मागे ओढण्याची ताकद बघितली. चकलीची विष्ठा डबीत नेली होती ती तपासली, जंतांची अंडी नाहीत. म्हणाले, “मॅडम, पाय बघा कसा हिसकून घेतोय. ताकद आहे अंगात. पाणी आहे तसंच ठेवा आणि रोज नवं काही करू नका.” नळीनं भरवायचं का विचारलं. “अजून नाही. तोंड उघडायला लावलं की तो चार दिवस मागे जाईल. वजन सहाच्या आसपास आलं तर मात्र लगेच या.” अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर उगाच घेऊ नका, डोळे स्वच्छ आहेत, जास्त झालं तर कातडी सुटते, हेही बजावून सांगितलं.

‘रोज नवं काही करू नका’ हे मी टाकीवर चिकटवून ठेवलं आहे. खाऊचे सहा प्रकार एकापाठोपाठ एक टाकत गेलो की पिल्लू कशाला घाबरलं आणि कशाला भुललं हे आपल्यालाच समजत नाही. आता आठवडाभर वेळ तीच, सकाळी साडेदहा, अंगाला तासभर ऊब मिळाल्यावर. बाजू तीच, कोपरा तोच.


१३ डिसेंबर

अनारसा खाल्ला! म्हणजे अनारशानं खाल्लं. मांडणी डॅफ्नियाचीच, पण सोबत दोन सेंमीचं एक कोवळं जिवंत गांडूळ काचेच्या छोट्या बशीत, पाण्याखाली कोपऱ्यात. बशीची कड असल्यामुळे गांडूळ वाळूत घुसू शकत नाही आणि वळवळत राहतं. मी बाहेर. दहा मिनिटं तो डॅफ्नियामागे फिरला, मग बशीच्या कडेवर पुढचे दोन पाय ठेवून आत वाकला. पहिला चावा मधोमध. गांडुळानं त्याच्या डोक्याभोवती वेटोळं टाकलं, तो दचकून मागे हटला, पण तोंड सोडलं नाही. दोन्ही पंज्यांनी ढकलून, डोकं झटकून त्यानं त्याचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा गिळताना डोळे मिटून घेतले. दुसरा अर्ध्या तासानं.

भाच्याला व्हिडिओ पाठवला. त्याचा लगेच फोन : “मावशी, त्यानं सगळं खाल्लं? भाजी न टाकता?”


१६ डिसेंबर

चकली ९.१. अनारसा ७.०.

अनारसा एक दिवसाआड गांडूळ, मधल्या दिवशी ब्लडवर्म, तेही आता बशीतूनच. चिमटा अजून नको म्हणतो आणि मीही आग्रह सोडला आहे.

प्रमाण : त्याच्या डोक्याएवढा ऐवज, रोज एकदा. पिल्लं समोर आली की भुकेलीच वाटतात, म्हणून डोळ्यांवर न जाता डोक्याच्या मापावर जायचं.


१९ डिसेंबर

पहाटे लाइट गेली, ती थेट सकाळी नऊला आली. थंडी कडक होती. उठल्यावर आधी टाकी बघितली : २२ अंश. टाकीच्या तीन बाजूंना थर्मोकोल लावून वर जुनं ब्लँकेट टाकलं, हवेसाठी फट ठेवून. गरम पाणी एकदम ओतलं नाही. लाइट आल्यावर हीटरनं सावकाश वर नेलं, दुपारी दोनला पुन्हा २७.

साडेदहाला दोघांना नेहमीचंच ठेवलं होतं. चकली, जी चिमट्यावर झेपावते, तिनं बघितलंसुद्धा नाही. अनारसा दगडाखाली. तेच अन्न, तीच बशी, तीच वेळ. फक्त पाच अंश कमी. संध्याकाळी पाच वाजता दोघांनी खाल्लं.

ही नोंद मी ताईला जशीच्या तशी पाठवली आहे. थर्मोकोल आता कायमचा.


२२ डिसेंबर

गोळ्यांची सुरुवात. पिल्लं जिवंत खाऊवर खूश आहेत, मग हा खटाटोप कशाला? कारण ताईच्या घरी रोज कोण गांडुळं शोधणार, आणि नुसत्या गांडूळ-ब्लडवर्मवर सगळी जीवनसत्त्वं मिळत नाहीत. कासवांच्या पिल्लांसाठीच्या बारीक तरंगत्या गोळ्या रोजच्या जेवणाचा पाया म्हणून हव्यात.

पद्धत : ब्लडवर्म सोडवलेल्या लाल पाण्यात गोळी दहा मिनिटं भिजवायची. मऊ झाली की चिमट्यात एक गोळी आणि तिला चिकटून एक ब्लडवर्म. चकलीनं पहिल्या घासात दोन्ही ओढलं, गोळी बाहेर फेकली, ब्लडवर्म ठेवला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी गोळी तोंडातच फुटली आणि गेली पोटात.

अनारसासाठी घाई नाही.


२५ डिसेंबर

समुद्रफेन आणला, काष्ठौषधीच्या दुकानातून. आयुर्वेदातही वापरतात, त्यामुळे तिथे सहज मिळतो. माकुल माशाच्या पाठीतलं हे हाड म्हणजे जवळजवळ निव्वळ कॅल्शियम. मागचा कडक पापुद्रा सुरीनं खरवडून काढला, मऊ पांढऱ्या भागाचा तुकडा पाण्यात तरंगता सोडला. नुसताच घ्यायचा, कसलंही औषध लावलेला किंवा पूड केलेला नको. चकलीनं संध्याकाळी एका कडेला दातेरी खाच पाडून ठेवली आहे. कासवाला दात नसतात, चोचीच्या कडेनं ती कुरतडते.

हिरव्याचा प्रश्न : या वयात ओढा मांसाहाराकडे, वाढत्या वयात पानांकडे वळतात. अझोला तरंगतोच आहे, कुरतडायची तेव्हा कुरतडतील. पालक टाळते, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं.


२८ डिसेंबर

चकली १०.२. अनारसा ७.६.

सुट्टी म्हणून भाचा राहायला आला आहे. पहिला नियम दारातच सांगितला : टाकीत हात घातला, पिल्लाला किंवा पाण्याला हात लागला, की साबणानं हात धुवायचे, नखांसकट. पिल्लाचा मुका घ्यायचा नाही. टाकीचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये जायचं नाही, ते बाथरूममध्ये किंवा कुंड्यांना. कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, कासव ठणठणीत असलं तरी. लहान मुलं आजारी पडायला लागली म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून छोटी कासवं पाळायला विकण्यावर बंदी आहे. तरी लुइझियानातल्या कासवांच्या फार्मवरून पिल्लं जगभर जात राहिली. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर मी हे कासव नकोच म्हणेन.

भाचा नऊ वर्षांचा, समजूतदार. बशी ठेवायचं काम त्याच्याकडे दिलं. “मावशी, मी श्वास रोखून बसू का?” म्हणाला. बसला तसाच, हलला नाही. अनारसा त्याच्यासमोर बशीपर्यंत आला. माणूस समोर असताना खाण्याची त्याची ही पहिली वेळ.


२ जानेवारी

गच्चीवर सकाळचं कोवळं ऊन दिलं, घमेल्यात, अर्धी बाजू फळीखाली सावलीत. काचेच्या टाकीत कधीही उन्हात ठेवायचं नाही, पाणी बघता बघता तापतं आणि पळायला जागा नसते. घारी असतात म्हणून वर जाळी आणि शेजारी आपण.

अनारसानं भिजवलेली गोळी खाल्ली, बशीतून, गांडुळाच्या तुकड्यांमध्ये मिसळलेली. थुंकली नाही.


६ जानेवारी

चकली ११.३, ३७ मिमी. अनारसा ८.५, ३४ मिमी.

पाठीवरच्या खवल्यांच्या मधल्या रेषा दोघांच्या फिकट, रुंद झाल्या आहेत. ही नवी वाढ. अनारसाच्या रेषा चकलीपेक्षा बारीक, पण आहेत. वजनापेक्षा मला याचा जास्त आनंद झाला, कारण वजन पोटातल्या अन्नानंही वाढतं. कवच खोटं वाढत नाही.

गोळ्यांचं प्रमाण : चकली अर्ध्याहून जास्त, अनारसा चौथा हिस्सा.


९ जानेवारी

मधली जाळी काढून बघितली, खाण्याच्या वेळेव्यतिरिक्त. चकलीनं पंजे थरथरवले, अनारसा आपल्या कौलावर चढून बसला आणि तिथून हलला नाही. ठीक. खाण्याच्या वेळी जाळी परत टाकली. पुढेही काही महिने तसंच ठेवावं लागेल आणि दोघांच्या आकारातला फरक वाढला तर टाक्याच दोन कराव्या लागतील.


१२ जानेवारी

ताई आणि भावोजी आले होते. टाकी पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे जायची, म्हणून बसून बोललो. मी मोकळेपणानं सांगितलं : चकली मादी निघाली तर पाठ २५ सेंमीच्या पुढे जाईल आणि आयुष्य वीस-तीस वर्षांचं. भाचा नोकरीला लागेल तेव्हाही ही जेवायला मागत असतील. भावोजी जरा गप्प झाले, मग म्हणाले, “फारच मोठी झाली तर गंगेवर सोडू की, देवाच्या पाण्यात.”

नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात. पण नाही. कधीच नाही. गोदावरीत सोडलेलं स्लायडर वाहत-पोहत खाली नांदूर मध्यमेश्वरला पोचू शकतं, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे ते. स्लायडर आपल्या देशी कासवांची बसायची जागा, खाणं सगळं बळकावतं, रोगही नेतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्येच याची आयात थांबवली. केरळात तर ती कालव्यांत सापडायला लागलीच आहेत. सांभाळणं जमेनासं झालं तर माझ्याकडे परत आणा, हे ताईकडून कबूल करून घेतलं. भाच्यानं स्वतःहून वहीत लिहून सही केली.

त्यांच्यासाठी ठरवलेलं : पाणी २६ ते २७, रोज सकाळी थर्मामीटर बघून मगच खाणं. २५ च्या खाली असेल तर त्या दिवशी आधी हीटर तपासायचा, खाऊ नंतर. लाइट जाण्याच्या दिवसांसाठी थर्मोकोल आणि ब्लँकेट टाकीशेजारीच. साडेदहाला शाळा असते, म्हणून वेळ दुपारी तीन. ती माझ्याकडेच उद्यापासून बदलायला घेते, रोज अर्धा तास पुढे. पाव भाग पाणी दर तिसऱ्या दिवशी, सगळं एकदम बदलायचं नाही.

नव्या घरी गेल्यावर अनारसा पुन्हा काही दिवस खाणार नाही, असं मी धरूनच चालले आहे. तेव्हा गोळी नाही, सरळ बशी आणि जिवंत गांडूळ. पेरूच्या झाडाखालची माती एका डब्यात भरून ठेवली आहे, ताईबरोबर द्यायला.

पुढचं वजन २० जानेवारीला, तिच्या घरी, याच काट्यावर.